अंडे, डुक्कर आणि गाठीचे चार पैसे

आजवर माझ्या हातून एकाही पुस्तकाचे परीक्षण झालेले नाही. परीक्षण करायचे तर पुस्तक आधी वाचावे लागते अशी माझी एक जुनाट समजूत आहे, आणि वाचलेले पुस्तक मला बहुधा आवडते ही दुसरी अडचण. पण गेल्या महिन्यात आमच्या घरी एक इंग्रजी पुस्तक आले. त्याची जवळजवळ सगळी पाने कोरी आहेत, आणि तरीही मी ते दोनदा वाचून काढले. असा योग पुन्हा येणार नाही, म्हणून हे धाडस.

त्याचे असे झाले. आमची कन्या इंग्लंडात असते. दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करते आणि आम्ही दोघे मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून त्याच्यासमोर फोटोला बसल्यासारखे बसतो. अशाच एका रविवारी तिच्या देखत माझे आणि हिचे तीनशे चाळीस रुपयांवरून वाजले. महिनाअखेरीस हिशेबात तीनशे चाळीस रुपये कमी भरत होते. माझे म्हणणे, ते भाजीत गेले. हिचे म्हणणे, ते माझ्या खिशात गेले. सातासमुद्रापलीकडून हा संग्राम पाहून पोरीचे मन द्रवले असावे. तीन आठवड्यांनी तिने एका ओळखीच्यांबरोबर घरखर्चाच्या नियोजनाची एक सुबक वही पाठवली. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, वर बांधायला इलॅस्टिकची पट्टी आणि मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी खिसा. किंमत बारा पौंड. आपल्याकडचे किती होतात ते मी हिला सांगितले नाही. तेवढ्यात आमचा वाणी आम्हाला वीस वर्षांच्या हिशेबाच्या वह्या देईल.

मी शाळेत बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्यामुळे इंग्रजी अक्षर दिसले की ते वाचायचे, आकडे दिसले की ते हिच्याकडे द्यायचे, ही आमची श्रमविभागणी. वहीच्या प्रत्येक भागाला एक मथळा होता, आणि प्रत्येक मथळा म्हणजे इंग्रजांच्या घरात पैशाचा बेत करताना आणि पैसा बाजूला ठेवताना रोज तोंडी येणारा एकेक शब्द. तेव्हा हे परीक्षण त्या वहीचे नसून तिच्या मथळ्यांचे आहे. कोऱ्या पानांबद्दल माझी काही तक्रार नाही. कित्येक छापील पानांपेक्षा ती बरी.

पहिला मथळा अर्थातच ‘बजेट’. हा शब्द आता इतका मराठी झाला आहे की भाजीवालीसुद्धा ‘तुमचं बजेट सांगा’ म्हणते. पण मूळचा तो शब्द म्हणजे एक पिशवी. जुन्या फ्रेंचमध्ये लहानशा चामडी थैलीला जे नाव होते तेच इंग्रजीत येऊन ‘बजेट’ झाले. म्हणजे आपला कमरेचा कसाच म्हणा ना. या थैलीचा सरकारी हिशेबाशी संबंध जडला तो एका थट्टेतून. 1733 साली इंग्लंडचा कारभारी रॉबर्ट वॉलपोल याने दारू आणि तंबाखू यांच्यावर नव्या पद्धतीने कर बसवण्याचा घाट घातला. विरोधकांनी लगेच ‘बजेट उघडले’ अशा अर्थाच्या नावाचे एक चोपडे छापले आणि त्यात वॉलपोलला जत्रेत पिशवी उघडून रामबाण औषधे विकणाऱ्या भोंदू वैद्याच्या वेषात उभे केले. कराचा बेत बारगळला, पण थैली मात्र राहिली. थोडक्यात, ‘बजेट’चे खरे मराठी भाषांतर ‘वैदूची पोतडी’ असे आहे. दर वर्षी अर्थमंत्र्यांच्या पोतडीतून काय निघते म्हणून आपण दूरदर्शन संचासमोर बसतो, तेव्हा आपण नकळत अचूक भाषांतर करत असतो.

पोतडीचा हा मान इंग्रजांनी पुढेही राखला. ग्लॅडस्टनसाठी बनवलेली लाल पेटी तिथले बहुतेक अर्थमंत्री 2010 सालापर्यंत हातात घेऊन मिरवत होते. आपल्याकडे 1947 च्या नोव्हेंबरात षण्मुखम् चेट्टी यांनी स्वतंत्र भारताचे पहिले बजेट मांडले तेही चामडी बॅग घेऊन, आणि ती चाल सुटली 2019 साली, जेव्हा निर्मला सीतारामन लाल कापडात बांधलेले बाड हातात घेऊन आल्या.

मराठीने मात्र थैलीचा नाद न धरता ‘अर्थसंकल्प’ हा भारदस्त शब्द केला. मला तो फार आवडतो. कारण पूजेला बसल्यावर आपण संकल्प म्हणतो आणि मागोमाग पळीभर पाणी सोडतो. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे याचा मराठीत जो अर्थ आहे, तो बरोबर घेऊनच हा शब्द जन्माला आला आहे. आमच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला संकल्प होतो आणि दहा तारखेपर्यंत पाणी सोडून होते.

याच वॉलपोलच्या खात्यावर आणखी एक शब्द जमा आहे: ‘सिंकिंग फंड’. राष्ट्राचे कर्ज हळूहळू खाली आणण्यासाठी बाजूला काढायचा हा पैसा. 1717 साली त्याच्याच योजनेतून असा फंड निघाला आणि 1733 साली, म्हणजे पोतडीच्याच वर्षी, त्यातले पाच लाख पौंड चालू खर्चासाठी उचलले गेले. बाजूला ठेवलेल्या पैशाकडे तिरक्या नजरेने पाहण्याची कला ही अशी थोरामोठ्यांपासून आलेली आहे. हा फंड आमच्या सोसायटीच्या बिलातही असतो. उपविधीप्रमाणे बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का दर वर्षी. गेल्या पावसाळ्यात गच्ची गळायला लागली तेव्हा त्या फंडाची चौकशी झाली. शेजारचे नाना म्हणाले, ‘‘फंड आहे हे खरं आणि सिंकिंग आहे हेही खरं. आता दोन्ही गोष्टी एकदम कशा मागता?’’

पुढची पाने उलटू लागलो आणि मला आपण हिशेबाची वही वाचतोय की गुरांच्या बाजारात फिरतोय, असा भास होऊ लागला. इंग्रज माणूस पैसा साठवू लागला की त्याच्या तोंडून एकदम जनावरे बाहेर पडतात.

पहिले ‘नेस्ट एग’, म्हणजे घरट्यातले अंडे. म्हातारपणासाठी जमवलेली पुंजी. इंग्रजीत हा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. मूळची गोष्ट अशी की कोंबडीने भलतीकडे अंडी घालू नयेत, ठरल्या जागीच घालावीत, म्हणून शेतकरी खुराड्यात एक अंडे मुद्दाम ठेवून देई. ते पाहून कोंबडीची खात्री पटे की ही जागा अंडी घालण्याची. ते अंडे खरे असलेच पाहिजे असेही नाही, चिनीमातीचेही चाले. पैशाजवळ पैसा येतो हे सांगायला उपमा झकास आहे. पण तिच्यात एक कबुलीही आहे, की सुरुवातीचे अंडे फसवणुकीचे असू शकते आणि जमलेली अंडी शेवटी कोंबडीला मिळत नाहीत. नोकरीत असताना प्रॉव्हिडंट फंडाची वार्षिक चिठ्ठी हाती आली की या व्यवहारात आपण शेतकरी की कोंबडी, हा प्रश्न मला नेहमी पडे.

दुसरे डुक्कर. ‘पिगी बँक’. या शब्दाची एक गोड कथा मी वर्गात पंचवीस वर्षे सांगत होतो. ‘पिग’ नावाच्या एका मातीची भांडी होती, त्यांत लोक नाणी टाकत, पुढे कुंभारांनी गैरसमजाने डुकराच्याच आकाराचे गल्ले केले, वगैरे. शब्दांचे जाणकार या मातीच्या कथेला मान देत नाहीत, हे मला निवृत्त झाल्यावर कळले. खरे एवढेच की स्कॉटलंडच्या बोलीत मातीच्या भांड्याला ‘पिग’ म्हणतात. तिकडे जावा बेटावर चौदाव्या-पंधराव्या शतकात, मजपहित राज्यात, रानडुकराच्या आकाराचे मातीचे गल्ले होते. आजही इंडोनेशियात गल्ल्याला जो शब्द आहे तो रानडुकरावरूनच आलेला आहे. तेव्हा डुकराच्या पोटात पैसे ठेवण्याची बुद्धी काही एकट्या इंग्रजांची नव्हे. आणि उपमा म्हणून ती चोखही आहे. उष्टेमाष्टे घालून वर्षभर पोसायचे आणि गरज पडली की मारायचे. आपला मातीचा गल्ला बिचारा शाकाहारी. तो फोडताना खापऱ्यांखेरीज कोणाचे काही जात नाही. पण माझ्या लहानपणी गल्ला फोडायचा दिवस आला की मी रडत असे, हेही खरे.

तिसरी खार. बदाम-अक्रोड चोरून ठेवावे तसे पैसे लपवून ठेवण्याला इंग्रजीत खारीचेच क्रियापद आहे. ही उपमा मला सर्वांत आवडली, कारण खार विसरते. ती शेकडो ठिकाणी बिया पुरते आणि त्यांतल्या काही जागा तिला पुन्हा सापडत नाहीत. त्या बियांची पुढे झाडे होतात. हिने मागे एकदा तूरडाळीच्या डब्यात ठेवलेली शंभराची नोट तिला दीड वर्षाने सापडली. झाड आले नव्हते, पण नोटेला डाळीचा वास मात्र आला होता.

चौथे मांजरीचे पिल्लू, ‘किटी’. सर्वांनी मिळून एकत्र टाकलेल्या पैशाला पत्त्यांच्या डावात हे नाव पडले आणि आपल्याकडच्या उच्चभ्रू भिशीने ते उचलले. भिशीला जाणारी बाई वाती वळत जाते आणि किटीला जाणारी गॉगल लावून जाते, एवढाच फरक. नंबर लागला नाही की चेहरा दोघींचाही सारखाच.

पाचवा शब्द ‘इअरमार्क’, म्हणजे कानाची खूण. गुरांच्या, मेंढरांच्या कानाला खाच पाडून मालकी दाखवायची ही रीत. पुढे एखादी रक्कम एखाद्या कामासाठी राखून ठेवणे याला तेच क्रियापद झाले. हा पैसा चरायला सगळ्या कळपाबरोबर जाईल, पण संध्याकाळी ठरल्या गोठ्यातच परतेल, असा त्याचा भाव. हा शब्द वाचकांनी जरा बाजूला ठेवावा. मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

जनावरे संपली की पाऊस सुरू होतो. ‘रेनी डे’साठी पैसे ठेवावेत, असे इंग्रज निदान सोळाव्या शतकापासून एकमेकांना सांगत आले आहेत. पावसाळी दिवस म्हणजे वाईट दिवस. बत्तीस वर्षांत हा वाक्प्रचार मुलांना समजावताना मला जेवढा घाम फुटला तेवढा व्याकरणाने कधी फोडला नाही. मी शिकवायला लागलो तेव्हा 1972 च्या दुष्काळाला दहाएक वर्षेच झाली होती. खडी फोडायला गेलेल्या आईबापांची पोरे माझ्यासमोर बसलेली. त्यांना मी सांगायचे, की बाळांनो, एखाद दिवस पाऊस पडेल, तेव्हा आत्तापासून पैसे साठवून ठेवा! एका मुलाने उभे राहून विचारले होते, ‘‘सर, पाऊस पडला तर मग पैसे कशाला पाहिजेत?’’ इंग्रजी वाङ्मयावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

अर्थात कोकणातल्या माणसाला हा वाक्प्रचार तितका परका नाही. मिरगाआधी आगोटीची बेगमी करायची हा तिथला वार्षिक कार्यक्रम. लाकूडफाटा, भात, मीठ-मिरची, सुकी मासळी, सगळे चार महिन्यांचे आत घ्यायचे. ‘बेगमी’ हा शब्द मला कुठल्याही इंग्रजी मथळ्यापेक्षा ऐटदार वाटतो. त्यात भीती नाही. येणार ते ठाऊक आहे आणि त्याची सोय केली आहे, एवढेच. इंग्रजीत पैसे मिठात घालून ठेवण्याचेही एक क्रियापद आहे, मांस-मासळी खारवून ठेवतात तसे. ते क्रियापद मालवणच्या कुठल्याही घरात भाषांतराशिवाय कळेल. फक्त आपल्याकडे मीठ लावून बांगडा ठेवतात, रुपया ठेवत नाहीत.

यानंतर वहीत एक गुलाबी पान होते. त्यावर ‘पिन मनी’. बायकोच्या किरकोळ खर्चासाठी नवऱ्याने द्यायची ती रक्कम. टाचण्या महाग होत्या त्या काळातला हा शब्द. पुढे इंग्लंडातल्या श्रीमंतांच्या लग्नाच्या करारात पिन मनीची रक्कम रीतसर लिहिली जाऊ लागली. मी हिला म्हटले, ‘‘बघ, तुमच्या टाचण्यांसाठी स्वतंत्र पान आहे.’’ ही म्हणाली, ‘‘आमच्याकडे त्याला चोळीबांगडी म्हणत. आणि त्यासाठी टाचण्या नाही, गावं इनाम देत.’’ इतिहास हिचा बरोबर होता, म्हणून मी पान उलटले.

पण या बायकांच्या शब्दांत मला एक गोष्ट दिसली. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या बायका अंडी आणि लोणी विकून जो पैसा मिळवत त्याला ‘अंड्यांचा पैसा’ असेच म्हणत, आणि तो नवऱ्याच्या पिकाच्या पैशापासून निराळा राही. 1920 च्या सुमारास तिथल्या तरुण मुली फिरायला जाताना ‘मॅड मनी’ म्हणून थोडे पैसे पर्समध्ये वेगळे ठेवत. बरोबरच्या तरुणाशी भांडण झाले तर एकटीने घरी परतण्यापुरते. 1909 साली पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी एका बँकेने ‘ख्रिसमस क्लब’ काढला. दर आठवड्याला थोडे थोडे भरायचे आणि नाताळात सगळे एकदम घ्यायचे. म्हणजे आपली दिवाळी भिशी. पैसा सगळा एकाच सरकारच्या टाकसाळीतला, पण प्रत्येकाला नाव निराळे, पिशवी निराळी, वेळ निराळी.

आता दोष दाखवायची वेळ आली. परीक्षणात दोष नसतील तर संपादकांना परीक्षकाची लेखकाशी ओळख असल्याचा संशय येतो.

इंग्रजीतला या विषयातला मुख्य शब्द म्हणजे ‘सेव्ह’. बुडत्याला वाचवणे तोच शब्द, पापातून तारणे तोच शब्द, आणि पैसा राखणेही तोच. केवढा थोर शब्द! त्याची आज काय दशा झाली आहे पाहा. दुकानात पाटी असते, की एवढे घ्या आणि तीनशे रुपये ‘सेव्ह’ करा. मी हजार रुपये घालवून घरी यायचे आणि बायकोला सांगायचे की तीनशे वाचवून आणले! ते तीनशे दाखव म्हटले तर मात्र दाखवता येत नाहीत. पैसे खर्च करण्याच्या क्रियेलाच बचत म्हणायला लागलेली भाषा आतून कुठेतरी पोखरली आहे, असे मी म्हणतो. मराठीतही ‘बचत’ आता त्याच वाटेने निघाली आहे, म्हणून जास्त वाईट वाटते.

‘थ्रिफ्ट’ची कथाही तीच. काटकसर या अर्थाचा हा शब्द भरभराट होण्याच्या क्रियापदातून आला आहे. त्याच नावाचे एक छोटे गुलाबी फुलांचे झाडही आहे, समुद्रकाठच्या खडकावर मुठीएवढ्या मातीत उगवणारे. 1937 पासून 1952 पर्यंत इंग्लंडच्या बारा कोनांच्या तीन पेन्सच्या नाण्यावर ते झाड कोरलेले असे. म्हणजे काटकसर खर्च करायच्या नाण्यावर छापलेली! पण डिकन्सचा मिकॉबर त्याच्याही पुढचा. 1850 साली पुरी झालेल्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला हा गृहस्थ सुख आणि दुःख यांतला फरक बरोबर एका शिलिंगाचा आहे, असा हिशेब मांडून दाखवतो आणि स्वतः कर्जापायी तुरुंगात जातो. डिकन्सचा बापही 1824 साली असाच कर्जासाठी तुरुंगात होता. हिशेब तोंडपाठ असणे आणि तो जमणे, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, हे त्या पोराला बाराव्या वर्षीच कळले असणार.

पण वहीतला सर्वांत मोठा दोष मला दुसऱ्या वाचनात सापडला. आणि तो सापडला तेव्हा मला हसू आले नाही.

दर महिन्याच्या शेवटच्या पानावर एक चौकट आहे: ‘एकूण’. अंडे, डुक्कर, पावसाळी दिवस, टाचण्या, सगळ्यांची बेरीज तिथे करायची. वरच्या पानांनी मोठ्या मायेने ज्यांना वेगवेगळी नावे दिली, त्या सगळ्यांना शेवटच्या पानाने एका ओळीत उभे करून डोकी मोजायची.

असली बेरीज मी एकदा केली आहे.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी आई, वय वर्षे शहाऐंशी, फडताळाशी बराच वेळ काहीतरी करत होती. मग ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याची एक पुरचुंडी तिने माझ्या हातात दिली. तिला तीन गाठी होत्या. चोरी सापडलेल्या मुलाने उभे राहावे तशी ती उभी होती.

मी काय केले? मी ओरडून सगळ्यांना बोलावले. ‘‘अगं बघ, आईचं काळं धन!’’ सगळे हसले. आईसुद्धा थोडे हसली. मी तिन्ही गाठी सोडल्या, नोटा एकावर एक रचल्या आणि मोजल्या. साडेतेवीस हजार रुपये. आई काहीतरी सांगत होती, ‘‘ही पहिली गाठ आहे ना, ती माझ्या...’’ पण मी मोजत होतो, आणि मोजताना मध्ये बोललेले मला चालत नाही. तिला रांगेत उभे राहवणार नव्हते, म्हणून ते पैसे मी माझ्या खात्यात भरले. तो लुगड्याचा तुकडा हिने पुसायला घेतला.

चार-पाच दिवसांनी आईने विचारले, ‘‘तिसऱ्या गाठीचे किती होते रे?’’

मी शिक्षकाच्या आवाजात समजावले, ‘‘आई, आता गाठी नाहीत. आता एकच रक्कम आहे. तुझे साडेतेवीस हजार माझ्याकडे आहेत, कुठे जात नाहीत.’’

‘‘बरं,’’ आई म्हणाली. पुन्हा तिने विचारले नाही.

ते कुठे गेलेही नाहीत. खात्यात पैसे एकमेकांना ओळखत नाहीत, एवढेच झाले. त्या वर्षी कपडे धुण्याचे यंत्र बिघडले, नवे घेतले. 2018 मध्ये आई गेली. त्या वर्षीच्या भाऊबीजेला माझी ताई आली तेव्हा मी तिला पाकिटात पैसे घालून दिले. ताई म्हणाली, ‘‘आई साडी देत असे. मी असेन-नसेन तरी तुझ्या माहेरच्या साड्यांची सोय करून ठेवलीय, असं म्हणाली होती एकदा.’’ सहज म्हणाली. तिसरी गाठ कशाची होती ते मला तेव्हा कळले. दुसरी बहुधा नातीच्या लग्नाची असावी. पहिली कशाची, ते आईने वाक्य अर्धेच सोडले होते तरी कळण्यासारखे होते. आपल्यामागे आपल्यासाठी मुलाला खर्चात पडायला लागू नये, म्हणून.

बत्तीस वर्षे मी ‘इअरमार्क’चा अर्थ फळ्यावर लिहीत होतो: विशिष्ट कामासाठी राखून ठेवणे. मुले तो वहीत उतरवून घेत होती. त्याला मराठीत प्रतिशब्द नाही, असेही मी एकदा छातीठोकपणे सांगितले होते. शब्द माझ्याच घरातल्या फडताळात होता. ‘खूणगाठ’. आपण म्हणतो, गाठीला चार पैसे असावेत. गाठीला म्हणजे खरोखरच गाठीला, आणि एका गाठीला एकच काम. मी गाठी सोडल्या त्या नोटा मोजायला, आणि नेमकी मोजायची वस्तू गाठी हीच होती.

विद्वानांनाही ही गोष्ट उशिराच कळली, ही त्यातल्या त्यात माझी सोय. पैसा इथूनतिथून सारखा, एक रुपया दुसऱ्या रुपयासारखाच, असे अर्थशास्त्र मानत आले. 1994 साली व्हिव्हियाना झेलायझर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी एक अख्खे पुस्तक लिहून दाखवले, की घरातला पैसा असा सारखा नसतो. माणसे त्याला बरण्यांत, पाकिटांत वाटून नावे देतात आणि त्या नावांवर नाती चालतात. रिचर्ड थेलर यांनी, माणसे मनातल्या मनात पैशाची अशी निरनिराळी खाती कशी ठेवतात, यावर विचार केला. त्यांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आईची पुरचुंडी मी सोडली त्याच्या पुढच्याच वर्षी.

तेव्हा आता निकाल. इंग्रजी भाषेने या विषयात उत्तम कामगिरी केली आहे. तिचे अंडे, तिची खार, तिच्या टाचण्या, तिच्या कानाच्या खुणा हे सगळे शब्द घरात राबणाऱ्या, हाताशी थोडेच असलेल्या माणसांनी घडवलेले आहेत, आणि थोडे असले की नाव द्यावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. ‘सेव्ह’ची तिने नासाडी केली, त्याचे गुण कापावेत. वही सुबक आहे. फक्त ‘एकूण’ची चौकट घरमालकिणीने कोरी ठेवावी, अशी शिफारस मी करतो.

हे लिहून झाल्यावर वही परत जागेवर ठेवायला गेलो तर मागच्या पुठ्ठ्याचा खिसा फुगलेला दिसला. आत तीन लहान पाकिटे होती. वरच्या पाकिटावर हिच्या अक्षरात लिहिले होते: ‘ताई – भाऊबीज, साडी’. ही स्वयंपाकघरात होती. मी दुसरे-तिसरे पाकीट पाहिले नाही आणि पहिल्यात किती आहेत हेही मोजले नाही. पाकिटे होती तशी आत सरकवली आणि वर इलॅस्टिकची पट्टी नीट बसवली.

त्या तीनशे चाळीस रुपयांची चौकशी मी तेव्हापासून बंद केली आहे.